घरातली गोष्ट आणि दोन जुन्या शपथा

पेशंट बाहेर गेला की नातेवाईक दारातून हळूच विचारतात, "डॉक्टर, नक्की काय झालंय?" प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी या प्रश्नाचं एकदा सरळ उत्तर दिलं. क्षयरोगाचं नुकतंच निदान झालेली तरुण सून. "घरी मी स्वतः सांगेन," असं तिने मला बजावलं होतं. पण तिच्या दिरांनी काळजीने विचारलं आणि मी सांगून टाकलं. ती यायची थांबली. तीन महिन्यांनी आली तेव्हा गोळ्या सुटल्या होत्या, वजन आणखी उतरलं होतं. "तुमच्यापाशी राहील असं वाटलं होतं," एवढंच म्हणाली.

चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला अग्नीच्या साक्षीने बजावतात: रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नकोस. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखली जाणारी शपथ अपोलो देवाला साक्षी ठेवून तेच सांगते. भाषा वेगळी, देव वेगळे, नियम एकच. १९४८ च्या जिनिव्हा जाहीरनाम्यातही तो आहे.

असं का व्हावं? स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग म्हणायचे की, प्रत्येकाच्या मनाखाली साऱ्या मानवजातीला समान असा एक थर असतो. त्याला ते 'सामूहिक नेणीव' म्हणत. रक्ताच्या तपासणीसारखा त्याचा पुरावा दाखवता येत नाही. मला साधं कारणही पुरेसं वाटतं. आजारी माणूस अंगावरचे कपडे बाजूला करतो, तशीच मनातली लाजही. ती चव्हाट्यावर येईल अशी भीती असेल तर तो लक्षणं लपवतो आणि उपचार चुकतात. ही अडचण सगळीकडे सारखीच होती, म्हणून तिचं उत्तरही सारखंच निघालं असावं.

या नियमाला अपवाद आहेत. उदाहरणार्थ, क्षयरोगाची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे. पण ती नोंद म्हणजे दिरांना दारात दिलेलं उत्तर नव्हे.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना सोबत कोणी असेल आणि काही खासगी सांगायचं असेल, तर "मला दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय" असं निःसंकोच म्हणा. घरी काय सांगायचं, काय नाही, हेही ठरवून घ्या. आणि तुम्ही नातेवाईक असाल, तर दारातून मला विचारण्याआधी पेशंटलाच विचारा. आता मी तेच उत्तर देतो.