मसुद्यातून धोरणाकडे

धोरण ठरवणारे वेगळे आणि त्याला शब्द देणारे वेगळे, अशी कामाची वाटणी प्रत्येक सत्ताकेंद्रात कागदोपत्री असते. परराष्ट्र धोरणात ती फार काळ टिकत नाही. अमेरिकी अध्यक्षाने जाहीरपणे उच्चारलेले वाक्य हेच तिथे पुष्कळदा धोरण असते. मित्रदेश त्याच्यावर विसंबतात, शत्रू त्यातल्या फटी शोधतात आणि अमेरिकेचे स्वतःचे परराष्ट्र खाते पुढची टिपणे त्याच्याच आधाराने लिहिते. असे वाक्य लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ आधी ठरवून घ्यावा लागतो, आणि तो ठरवण्याच्या बैठकीत शिरण्याचा रस्ता इथूनच सुरू होतो. बराक ओबामांचे भाषणलेखक बेन रोड्स या रस्त्याने उप राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराच्या पदापर्यंत गेले. रस्ता मात्र त्यांनी पाडलेला नव्हता.

टेड सोरेन्सन हे नेब्रास्कातले तरुण वकील 1953 मध्ये जॉन केनेडी यांच्या सेनेटमधील कार्यालयात रुजू झाले, तेव्हा ते 24 वर्षांचे होते. केनेडी अध्यक्ष झाल्यावर त्यांच्याकडे विशेष विधी सल्लागार हे पद आले. परराष्ट्र धोरणाशी त्या पदाचा औपचारिक संबंध नव्हता. ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळली आणि ‘एक्सकॉम’ नावाने ओळखला जाणारा सल्लागारांचा गट रात्रंदिवस बसू लागला, तेव्हा सोरेन्सन त्या गटात होते. हवाई हल्ला करायचा की बेटाची नाकेबंदी, यावर मते दुभंगली होती. नाकेबंदी जाहीर करणाऱ्या भाषणाचा कच्चा मसुदा त्यांच्यावर सोपवला गेला.

मसुदा पुढे सरकेना. नाकेबंदीमुळे नवी क्षेपणास्त्रे येणे थांबेल, पण बेटावर पोहोचलेली कशी हलणार? ती डागण्याजोगी झाली तर पुढचे पाऊल कोणते? चर्चेत हे प्रश्न ‘पुढे पाहू’ म्हणून बाजूला ठेवता येत होते. लाखो लोकांसमोर वाचायच्या कागदावर तसे करता येत नव्हते. सोरेन्सन मजकुराऐवजी प्रश्न घेऊन गटाकडे परतले. त्या प्रश्नांची उत्तरे शोधताना गटाची भूमिका घट्ट होत गेली आणि 22 ऑक्टोबरच्या भाषणाला आकार आला. भाषणलेखनाच्या व्यवसायातला हा सगळ्यात बोलका प्रसंग म्हणावा लागेल. आपल्याला अमुक धोरण हवे असा सोरेन्सन यांचा हट्ट नव्हता. वाक्य पुरे होत नव्हते, एवढीच त्यांची तक्रार होती.

पाच दिवसांनी, 27 तारखेला, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना पाठवायचे उत्तर सोरेन्सन आणि रॉबर्ट केनेडी यांनी मिळून तयार केले. मॉस्कोहून दोन पत्रे आली होती, एक नरम आणि एक कडक. उत्तर नरम पत्राला धरून लिहिले गेले. पुढच्या वर्षी 10 जून रोजी अमेरिकन युनिव्हर्सिटीतले केनेडींचे शांततेविषयीचे भाषणही मुख्यत्वे सोरेन्सन यांच्या लेखणीतून उतरले. शीतयुद्धाच्या भरात सोव्हिएत जनतेच्या युद्धकाळातल्या हानीचा आदराने उल्लेख करणारे ते भाषण सोव्हिएत वृत्तपत्रांनी छापले, आणि 5 ऑगस्टला अणुचाचण्यांवरील मर्यादित बंदीच्या करारावर मॉस्कोत सह्या झाल्या. करार केवळ भाषणामुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. पण वातावरणातल्या चाचण्या आपण आधी सुरू करणार नाही ही घोषणा त्या भाषणातच होती, म्हणजे भाषण हीच एक राजनैतिक चाल होती.

रोड्स यांचा जन्म 1977 चा, न्यूयॉर्कमधला. न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी सर्जनशील लेखनाची पदवी घेतली आणि कादंबरीकार होण्याची स्वप्ने पाहिली. 11 सप्टेंबर 2001 रोजी ब्रुकलिनच्या किनाऱ्यावरून त्यांनी जुळ्या मनोऱ्यांचा विध्वंस पाहिला. त्यानंतर ते वॉशिंग्टनला गेले आणि ली हॅमिल्टन या अनुभवी माजी काँग्रेस सदस्याच्या हाताखाली काम करू लागले. हॅमिल्टन आणि जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखालील इराक अभ्यासगटाचा अहवाल डिसेंबर 2006 मध्ये आला, त्याच्या लेखनात रोड्स यांचा हात होता. गटात दोन्ही पक्षांचे मिळून 10 सदस्य, शिफारशी 79, आणि अहवाल एकमताचा. म्हणजे दहाही जणांना सही करता येईल, तरीही काहीतरी सांगितले जाईल, असे वाक्य शोधायचे. सर्जनशील लेखनाच्या वर्गात हे शिकवत नाहीत. पुढे रोड्स यांच्या कामी आले ते बहुधा हेच शिक्षण.

2007 मध्ये ते ओबामांच्या प्रचारमोहिमेत भाषणलेखक म्हणून दाखल झाले. मुख्य भाषणलेखक जॉन फॅव्हरो होते. परराष्ट्र विषयांवरची भाषणे रोड्स यांच्याकडे आली. जानेवारी 2009 नंतर त्यांचे टेबल व्हाइट हाऊसमध्ये, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कर्मचाऱ्यांत लागले. या जागेला महत्त्व आहे. देशांतर्गत विषयांवर लिहिणारा लेखक निर्णय झाल्यावर बोलावला जातो. सुरक्षा परिषदेत बसलेला लेखक गुप्त टिपणे वाचतो, बैठकांना हजर राहतो आणि निर्णय होत असतानाच मसुदा लिहू लागतो.

4 जून 2009 चे कैरो विद्यापीठातले भाषण हे या पद्धतीचे ठळक उदाहरण. मुस्लिम जगाला उद्देशून केलेले हे सुमारे 55 मिनिटांचे भाषण सात विषयांत विभागलेले होते: हिंसक अतिरेक, इस्राएल-पॅलेस्टाइन, अण्वस्त्रे, लोकशाही, धर्मस्वातंत्र्य, स्त्रियांचे हक्क आणि आर्थिक विकास. इराणच्या लोकनियुक्त सरकारला उलथवण्यात अमेरिकेचा वाटा होता, ही 1953 ची गोष्ट अध्यक्षाने त्यात मान्य केली. वेस्ट बँकमधल्या वाढत्या इस्राएली वसाहतींना अमेरिका वैध मानत नाही, हेही स्पष्ट सांगितले. टाळ्या भरपूर मिळाल्या. पण दुसऱ्या वाक्यामागे उभी राहू शकेल अशी यंत्रणा वॉशिंग्टनमध्ये नव्हती. वसाहती वाढतच राहिल्या. ज्या वाक्याचा खर्च कोणी उचलायला तयार नाही ते वाक्य लिहू नये, हा या धंद्यातला जुना नियम आहे. तो मोडण्याचा मोह सर्वाधिक होतो तो चांगल्या लेखकांनाच.

त्याच वर्षीच्या 1 डिसेंबरला वेस्ट पॉइंट इथे ओबामांनी अफगाणिस्तानात 30,000 जादा सैनिक पाठवण्याची घोषणा केली आणि त्याच भाषणात सांगितले की 18 महिन्यांनी सैन्य परतू लागेल. सेनापतींना सैनिक हवे होते, युद्धाला कंटाळलेल्या मतदारांना तारीख हवी होती. एका मजकुरात दोन्ही बसवले गेले. कागदावर ते एकसंध दिसले. तालिबानला मात्र किती काळ थांबायचे ते कळले, ही टीका तेव्हापासून सुरू झाली. लागलीच ऑस्लोत नोबेल पारितोषिक स्वीकारायचे होते. युद्ध वाढवून नऊ दिवसांनी शांततेचे पारितोषिक घेण्याचा पेच कोणत्याही मदतनिसाच्या मसुद्याने सुटण्यासारखा नव्हता. भाषणाचा मोठा भाग ओबामांनी स्वतःच्या हाताने नव्याने लिहून काढला. अध्यक्षच उत्तम लेखक असला की भाषणलेखकाची भूमिका बदलते. तो वाक्ये पुरवत नाही, धन्याच्या विचारांना टाचणी लावून पाहतो. रोड्स आणि ओबामा यांचे विचार एकमेकांत इतके मिसळले होते की कोणाचे कुठे संपते हे सहकाऱ्यांना सांगता येत नसे. सल्लागार म्हणून रोड्स यांचे बळ त्यातच होते आणि धोकाही त्यातच, कारण धन्यासारखाच विचार करणारा सल्लागार धन्याला अडवत नाही.

नोव्हेंबर 2010 च्या भारतदौऱ्यात रोड्स बरोबर होते. मुंबईत ओबामांनी मणिभवनाला भेट दिली, सेंट झेवियर्स महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि 8 तारखेला दिल्लीत संसदेपुढे भाषण केले. संयुक्त राष्ट्रांच्या सुधारित सुरक्षा परिषदेत भारत कायम सदस्य असावा, असे अमेरिकी अध्यक्षाने तिथे प्रथमच उघडपणे म्हटले. सभागृहाने बाके वाजवली. वाक्य बारकाईने वाचले तर त्यात तारीख नाही, प्रक्रिया नाही, ‘येत्या काळात’ एवढेच आहे. आणि परिषद सुधारली तरच. कोणाला खोटे ठरवता येणार नाही आणि कोणी हिशेबही मागू शकणार नाही, अशी ही रचना. कैरोतल्या वसाहतींच्या वाक्यापेक्षा ती कारागिरी म्हणून सरस आहे, हे भारतीय वाचकाने नाइलाजाने का होईना, मान्य केले पाहिजे.

1 फेब्रुवारी 2011 रोजी कैरोच्याच रस्त्यांवर लोक उतरलेले असताना इजिप्तचे अध्यक्ष होस्नी मुबारक यांनी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असे सांगितले. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स आणि परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांचा कल सावकाशीकडे होता. रोड्स यांच्यासारखे तरुण सहकारी दुसऱ्या बाजूला होते. ओबामांच्या निवेदनात सत्तांतर आताच सुरू व्हायला हवे असे आले, आणि त्या ‘आताच’वरच सगळा वाद होता. मुबारक 11 तारखेला पायउतार झाले. त्यानंतर इजिप्तमध्ये जे घडले ते कोणत्याही मसुद्यात नव्हते.

सीरियाबाबत उलटे झाले. रासायनिक अस्त्रांची ‘लाल रेषा’ ओबामांनी 20 ऑगस्ट 2012 रोजी पत्रकारांच्या प्रश्नाला उत्तर देताना तोंडी आखली. तिच्यामागे मसुदा नव्हता. वर्षभराने दमास्कसजवळ घूटा इथे रासायनिक हल्ला झाला आणि ते तोंडी वाक्य हिशेब मागायला उभे राहिले. 10 सप्टेंबर 2013 रोजी दूरचित्रवाणीवर झालेले भाषण या साऱ्या प्रवासातले सर्वात अवघडलेले. पूर्वार्धात लष्करी कारवाई का आवश्यक आहे याचा जोरदार युक्तिवाद, उत्तरार्धात रशियाने पुढे केलेल्या तोडग्यासाठी काँग्रेसने मतदान लांबणीवर टाकावे ही विनंती. दोन भाषणे शिवून एक केल्याचे टाके स्पष्ट दिसतात. धोरणच ठरलेले नसताना लेखणी किती झाकू शकते याची मर्यादा तिथे कळते. सोरेन्सन यांच्यासारखे प्रश्न घेऊन परत जाण्याइतका वेळ तेव्हा उरला नव्हता.

लेखक प्रत्यक्ष वाटाघाटीत उतरला तो क्यूबाबाबत. जून 2013 पासून रोड्स आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतले त्यांचे सहकारी रिकार्दो झुनिगा हे दोघे कॅनडात क्यूबाच्या प्रतिनिधींना गुपचूप भेटू लागले. समोर क्यूबाचे अध्यक्ष राउल कास्त्रो यांचे चिरंजीव अलेहांद्रो असत. रोड्स मुत्सद्दी नव्हते, क्यूबाचे अभ्यासकही नव्हते. क्यूबाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की हा माणूस बोलतो ते अध्यक्षाचेच बोलणे असते. पोप फ्रान्सिस यांच्या मध्यस्थीने व्यवहार पक्का झाला आणि 17 डिसेंबर 2014 रोजी ओबामा आणि कास्त्रो यांनी आपापल्या राजधानीतून एकाच वेळी घोषणा केली. 2009 पासून तुरुंगात असलेले अमेरिकी कंत्राटदार ॲलन ग्रॉस सुटले. जुलै 2015 मध्ये दूतावास पुन्हा उघडले. मार्च 2016 मध्ये ओबामा हवानाला गेले. 1928 मध्ये गेलेल्या कूलिज यांच्यानंतरचे हे पहिलेच विद्यमान अध्यक्ष. आर्थिक निर्बंध मात्र कायद्याने बांधलेले होते, ते काँग्रेसखेरीज कोणी उठवू शकत नव्हते.

इराणशी झालेल्या जुलै 2015 च्या अणुकरारात रोड्स यांचे काम तो लोकांना आणि काँग्रेसला पटवून देण्याचे होते. मे 2016 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’च्या दीर्घ लेखात त्यांनी या प्रचाराची तंत्रे मोकळेपणाने उलगडली आणि तरुण पत्रकारांच्या अज्ञानावरही शेरे मारले. त्यावरून मोठे वादळ उठले. विरोधकांनी धोरण हीच एक कथा असल्याचा आरोप केला, आणि तो साफ निराधार म्हणता येत नाही. प्रसंगांना आदि-मध्य-अंत देण्याची सवय असलेला माणूस विरोधी पुराव्यालाही कथेतले एक पात्र करून टाकतो. त्याच महिन्यात हिरोशिमात ओबामांनी केलेल्या भाषणात मात्र हीच सवय संयमाने वापरलेली दिसते: माफी नाही, समर्थन नाही, अणुबॉम्बकडे मानवी इतिहासाच्या लांब पट्ट्यातून पाहणे आहे.

अध्यक्षाच्या जवळिकीवर उभे राहिलेले पद अध्यक्षाबरोबर संपते. जानेवारी 2017 नंतर रोड्स यांनी आठवणींचे पुस्तक लिहिले, ते 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे लेखन आणि पॉडकास्ट हे त्यांचे काम झाले. डोनाल्ड ट्रम्प यांनी जून 2017 मध्ये क्यूबाबाबतच्या सवलती आवळल्या आणि मे 2018 मध्ये इराण करारातून अंग काढून घेतले. दोन्ही निर्णयांना काँग्रेसची संमती लागली नाही, कारण मूळ व्यवस्थाही अध्यक्षाच्या अधिकारातच केलेल्या होत्या. केनेडींच्या चाचणीबंदी कराराला मात्र सप्टेंबर 1963 मध्ये सेनेटने 80 विरुद्ध 19 मतांनी मंजुरी दिली होती, आणि तो आजही लागू आहे.