किटलीच्या बुडाचा चुना

विजेवर चालणाऱ्या कांचेच्या किटलीच्या बुडाशीं जो पांढरा, खरखरीत थर धरतो, तो मासिकांतील लेखाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु ज्या घरांत दोन-तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरांत कोणतेंही भांडें केवळ भांडें राहत नाहीं. तें कोणी घांसलें, कसें घांसलें आणि घांसलें कीं नाहीं, या प्रश्नांत माणसें गुंतलेलीं असतात. आमच्या घरीं गेल्या उन्हाळ्यांत जें झालें तें इतरत्रही होत असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

धाकट्या सूनबाईंनीं ही किटली आणली तेव्हां ती स्फटिकासारखी निर्मळ होती. पावसाळा व हिंवाळा तसाच गेला. चैत्रांत बुडाशीं धुरकट वलय दिसूं लागलें आणि वैशाखांत चहाच्या पेल्यांत पांढरे पापुद्रे तरंगूं लागले. आमच्या कुटुंबानें निर्णय दिला कीं, हल्लींच्या मुलींना हातानें भांडें घांसावयास नको. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं तारेची घांसणी घेतली आणि दोन दिवस किटली घांसली. थर हलला नाहीं. कांचेवर ओरखडे मात्र उमटले. तिसऱ्या दिवशीं कचेरींतून दमून आलेली ती मुलगी पुन्हां तीच किटली घांसत होती आणि मधून मधून डोळे पुसत होती. हा वाद आतां न्यायानेंच तोडला पाहिजे असें आम्हांस वाटलें.

आमचा विषय संस्कृत. शास्त्रकार कार्यकारणाचा निर्णय अन्वय व व्यतिरेक यांनीं करतात: कारण असतां कार्य असतें, कारण नसतां कार्य नसतें. घांसणारे हात आषाढांतही तेच होते व वैशाखांतही तेच. तेव्हां हात कारण नव्हेत. मग बदललें काय? पाणी. पुण्याबाहेरच्या आमच्या वसाहतीस एरवीं धरणाचें पाणी मिळतें. उन्हाळ्यांत तें अपुरें पडतें आणि त्यांत बोअरचें पाणी मिसळतात.

जमिनींत मुरणारें पावसाचें पाणी हवेंतला व मातींतला कार्बन डायऑक्साइड वायु शोषून घेतें. त्यामुळें तें किंचित् आम्ल होऊन खडकांतील चुन्याचा अंश आपल्यांत घेतें. आमच्याकडील काळ्या पाषाणांतही तो अंश असतो, आणि बोअरचें पाणी त्याच्या सहवासांत दीर्घकाल राहिलेलें असतें. शालेय पुस्तकांत अशा पाण्यास 'दुष्फेन' असें सार्थ नांव आहे. ज्यांत साबणाचा फेस नीट येत नाहीं तें. हें पाणी तापविलें कीं वायु निघून जातो आणि त्याच्या आधारें विरघळलेला चुना खडूच्या रूपानें भांड्यास धरतो. लहान शाळेंत संस्कृतच्या मास्तरासही कधीं विज्ञानाचा तास घ्यावा लागे. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकलें कीं ती दुधाळ होते, फुंकत राहिलें तर पुन्हां निवळते, आणि मग उकळली कीं पुन्हां गढुळते, हें आम्ही मुलांस दाखवीत असूं. किटलींत रोज त्या प्रयोगाचा शेवटचा भाग चालतो. लिटरमागें ३०० मिलिग्रॅम चुना असलेलें चार लिटर पाणी रोज उकळलें आणि त्यांतला निम्माच भांड्यास चिकटला, तरी महिन्यास १८ ग्रॅम, म्हणजे सुमारें दीड तोळा होतो.

एवढें शास्त्र ऐकूनही कुटुंबाचें समाधान झालें नाहीं. तेव्हां आम्हीं विचारलें, "तुझ्या माहेरीं परसांतल्या विहिरीच्या पाण्यांत तुरीची डाळ शिजत नसे म्हणतेस. तो दोष कोणत्या सुनेचा होता?"

ती क्षणभर थांबली. "सुनेचा कसला? पाण्याचाच. आई डाळीपुरतें पाणी नदीवरून आणवीत असे." मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली, "राहूं दे ग ती घांसणी! तांब्याच्या हंड्याला आपण चिंच लावतों ना? याला आंबटच कांहीं हवें."

निदान अचूक होतें. खडूस आम्ल भेटलें कीं तो विरघळतो व त्यांतला वायु बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. यासाठीं वाण्याकडे मिळणारें लिंबूसत्त्व, ज्यास कित्येक लिंबूफूल म्हणतात, उत्तम. शेले नांवाच्या रसायनज्ञानें १७८४ सालीं तें लिंबाच्या रसांतून वेगळें काढलें. किटलींत एक लिटर पाणी चांगलें गरम करावें, पण उकळूं देऊं नये. फार उष्णतेनें चुना व लिंबूसत्त्व मिळून दुसराच पांढरा साका बसण्याचा संभव असतो. मग बटण बंद करून किटली बैठकीवरून उचलावी व पाण्यांत दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारें १० ग्रॅम, लिंबूसत्त्व टाकावें. अर्ध्या तासानें पाणी ओतून मऊ फडक्यानें आंतून पुसावें, दोनदां विसळावें, आणि एकदां साधें पाणी उकळून टाकून द्यावें. थर जुना असल्यास हाच विधि पुन्हां करावा.

कांहीं गोष्टी मात्र टाळाव्या. किटलीच्या बुडांत विजेची जोडणी असते, म्हणून ती पाण्यांत बुडवूं नये. शौचकूप धुण्याचें तीव्र ॲसिड खाण्यापिण्याच्या भांड्यास कधींही लावूं नये. कोणतेंही आम्ल ब्लीचमध्यें मिसळूं नये. त्यांतून क्लोरिन हा विषारी वायु निघतो.

ते पापुद्रे पोटांत गेले तर काय होईल, अशी भीतीही घरांत निघाली होती. तो थर विष नव्हे. भारतीय मानक १०५०० (२०१२) यांत पिण्याच्या पाण्याच्या दुष्फेनतेची इष्ट मर्यादा लिटरमागें २०० मिलिग्रॅम, आणि दुसरें पाणी उपलब्ध नसल्यास ६०० दिली आहे; जागतिक आरोग्य संघटनेनें तर आरोग्याच्या कारणास्तव अशी मर्यादा घातलेलीच नाहीं. थर काढावयाचा तो अशासाठीं कीं, तो उष्णतेस अडवितो व वीज वायां जाते.

पोलादी किटलींतही हाच थर धरतो. परंतु तो बाहेरून दिसत नाहीं, म्हणून तिच्यावरून कोणास बोलणें खावें लागत नाहीं. आतां उन्हाळ्यांत दर रविवारीं हें काम आमचा नातू करतो, कारण त्यास बुडबुडे पाहावयाचे असतात. सूनबाई त्या वेळीं वर्तमानपत्र वाचीत बसतात. वडील मंडळींस आमची एवढीच विनंती आहे कीं, घरांत कोणास बोल लावण्यापूर्वीं एकदां पाणी तपासावें.