मेल जाईना गेलाय

दिवाळीत मावशीकडे नरसी नामदेवला गेले होते. मावसभाऊ बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. दोन रात्री जागून त्याने जुन्या लॅपटॉपवर स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला होता. पोस्टफिक्स, डव्हकॉट, सगळं मार्गदर्शिकेत सांगितल्याप्रमाणे.

"ताई, मेल जाईना गेलाय. एरर बी नाही. माझंच डोकं कमी पडायलंय."

या गावच्या नामदेवांची पदं पंजाबात पोचून गुरू ग्रंथसाहिबात गेली. ह्याचा मेल घराबाहेर पडत नव्हता.

मार्गदर्शिका उघडली आणि मला ओशाळल्यासारखं झालं. पहिलं प्रकरण मीच दुरुस्त केलं होतं. "आता फक्त एक मेल पाठवून बघा" हे शेवटचं वाक्यही माझंच.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जातो तो पोर्ट २५ वरून. व्हायरस लागलेले घरगुती कॉम्प्युटर तिथून स्पॅम फेकतात, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या घरच्या कनेक्शनवर ते बंदच ठेवतात. मग पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, मूळ सेटिंगमध्ये पाच दिवस. तोवर पाठवणाऱ्याला काही कळवत नाही. लॉगमध्ये मात्र 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसत असतं. लॉग उघडून बघा, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

मी ते प्रकरण भाड्याच्या सर्व्हरवर तपासलं होतं. तिथे पोर्ट उघडं, आयपी कायमचा. मला सोपं गेलं, म्हणून मी 'फक्त' लिहिलं. त्या एका शब्दापायी एक पोरगा दोन दिवस स्वतःला ढ समजत होता.

त्या रात्री आम्ही दोघं ओट्यावर बसलो. प्रकरणाच्या सुरुवातीलाच तीन प्रश्न टाकले: पोर्ट २५ उघडं आहे का? आयपी सार्वजनिक आणि कायमचा आहे का? त्या आयपीला तुमच्या सर्व्हरचं नाव, म्हणजे पीटीआर नोंद, लावता येते का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर रिले सेवेत खातं काढा, पोर्ट ५८७ वरून लॉगिन करून मेल तिच्याकडे सोपवा. पुढे ती पोचवेल. त्याखाली लॉग कुठे असतो ते लिहिलं. 'फक्त' खोडला.

मग मोबाइल त्याच्या हातात दिला. "कुठे अडतोस ते सांग."

तिसऱ्याच ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "एफक्यूडीएन म्हंजे?"

मी अजून एक ओळ लिहायला घेतली.