कोटाच्या सावलीत नहेम्या

चंद्रपूरचा कोट सुमारे 11 किलोमीटरांचा आहे. 2017 पासून इको-प्रो संस्थेची पोरं त्यावरची झुडपं तोडतात, बुरुजांतला कचरा उपसतात. मातीची घमेली हातोहात पुढे जाताना पाहिली की मला नहेम्या आठवतो. पारसच्या राजाचा हा प्यालेबरदार यरुशलेमला गेला आणि पडलेला तट त्याने लोकांच्या हातून 52 दिवसांत उभा करून घेतला. त्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी. याजक, सोनार, अत्तरवाले, एका माणसाच्या तर मुलीही कामाला आलेल्या. कित्येकांनी आपल्या घरासमोरचाच तुकडा बांधला. मला हा अध्याय फार प्रिय आहे.

याच चंद्रपुरात, तेव्हाच्या चांद्यात, त्या नावाचा एक माणूसही राहून गेला. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे 1848 साली ख्रिस्ती झाले आणि नहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेला ज्यांच्या विचारांनी वळण दिलं तेच हे फादर गोरे. काही काळ ते चांद्याच्या मिशनात होते. षड्दर्शनं कोळून प्यालेल्या या शास्त्र्याला एक गोष्ट आपल्यापेक्षा लवकर उमगली असणार. ब्रह्मसूत्रं तीच, पण शंकराचार्यांच्या भाष्यातून निघणारी वाट वेगळी आणि रामानुजांच्या भाष्यातून निघणारी वेगळी. यहुदी आणि ख्रिस्ती यांच्या बाबतीत तर भाष्याच्याही आधी पुस्तकांची मांडणीच वेगळी होते.

माझ्या घरच्या मराठी बायबलमध्ये नहेम्या इतिहासाच्या पुस्तकांत, साधारण मध्यावर येतो. जुना करार संपतो तो मलाखीपाशी: एलीया परत येणार, असं वचन देऊन. पान उलटलं की मत्तय, आणि थोड्याच पानांत बाप्तिस्मा करणारा योहान उभा. वचन दिलं आणि लगेच पुरं झालं, अशीच ती मांडणी आहे. यहुद्यांच्या छापील तनखमध्ये, म्हणजे त्यांच्या बायबलमध्ये, मलाखी मध्येच येऊन जातो. एज्रा आणि नहेम्या मिळून एकच पुस्तक, तेही अगदी शेवटाकडे, आणि सर्वांत शेवटी इतिहास नावाचं पुस्तक. राजा कोरेश बंदिवानांना मोकळं करतो आणि ज्याला जायचं त्याने यरुशलेमला जावं म्हणतो, तिथे ग्रंथ थांबतो. घडलं त्या क्रमाने पाहिलं तर ही आज्ञा नहेम्याच्या कितीतरी आधीची. तरीही तीच अखेरीला ठेवली. ख्रिस्ती वाचक एका माणसाच्या दिशेने चाललेला असतो. यहुदी वाचकाला घरी परतायचं असतं.

बल्लारपूरला सिरो-मलबार कॅथलिकांचं चांदा धर्मप्रांताचं पीठ आहे. त्यांच्या पूर्व सिरियाई परंपरेत रविवारच्या कुर्बानात, म्हणजे उपासनेत, आधी तोरा (मोशेची पुस्तकं) आणि संदेष्टे, मग पत्र आणि शेवटी शुभवर्तमान वाचतात. सभास्थानातही शब्बाथाला तोरेमागून संदेष्टेच येतात, म्हणून हा क्रम ऐकताना मला गलबलून येतं. पण कान मात्र वेगळे असतात. आम्ही आधीचं वाचन ऐकतो तेच पुढच्या शुभवर्तमानाच्या उजेडात. उत्तम शुक्रवारी यशयाचा 53 वा अध्याय सुरू झाला की मारला जाणारा तो सेवक म्हणजे येशू, याबद्दल आमच्या मनात शंकाच उरत नाही. अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी त्याच सेवकात इस्राएल हे अवघं राष्ट्र पाहतो. त्याला आधारही आहे. त्याच ग्रंथात आधी इस्राएललाच सेवक म्हणून हाक मारली आहे. आमच्या वाचनावर माझा विश्वास आहे. पण त्याच वाचनाच्या जोरावर युरोपने शतकानुशतकं यहुद्यांना आंधळं, टाकून दिलेलं ठरवलं, हेही मला विसरता येत नाही. देवाने यहुद्यांना टाकलेलं नाही, हे व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट म्हणायला 1965 साल उजाडावं लागलं.

आपल्या मराठी मुलखात मात्र ही कथा जरा निराळी घडली. कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांजवळ शनिवारची सुट्टी होती, शेमाची प्रार्थना होती, सुंता होती. ग्रंथ हाती नव्हते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ते मराठीत आणून दिले. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरणही छापलं. हे वाचून लोक ख्रिस्ताकडे येतील, अशी त्यांची आशा. लोकांनी वाचलं, हिब्रू शिकले आणि बहुतेक सगळे आपल्याच धर्मात अधिक घट्ट रुजले. 1880 च्या सुमारास तर त्यांनी अब्राहाम आणि योसेफाची कीर्तनं उभी केली, साकी-दिंडीसह. मला यात मिशनऱ्यांचा पराभव दिसत नाही. ज्यांचं पुस्तक त्यांच्या हाती पोचवलं, याहून चांगलं काम त्यांच्याकडून क्वचितच झालं असेल.

ठाण्यात एका बेने इस्रायली मैत्रिणीच्या घरी मलिदा होता. परातीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोड्याची पूड, वर केळी नि खजूर. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, गाणं झाल्यावर तिच्या आईने माझ्या ओंजळीत मलिदा ठेवला.

"काकू, आमच्यात मानतात की एलीया योहानाच्या रूपाने येऊन गेला," मी म्हटलं.

"आमच्यात पण येऊन गेला की! अलिबागजवळच्या खंडाळ्याला. खडकावर रथाची खूण आहे. पण गं, मुख्य यायचा तो अजून यायचाय. मसिहाच्या आधी."

मी विचारलं, मग इतकी वर्षं वाट बघून कंटाळा नाही येत?

"दर वेळी मलिदा करतो ना आपण," त्या म्हणाल्या आणि केळं सोलून माझ्या हातात दिलं.

यंदाच्या आगमनकाळात आमच्या मंडळीत मलाखी वाचायची पाळी माझी आहे. वाचनानंतर थोडं बोलायची मुभा असते. योहानाविषयी तर बोलेनच. पण मुलांना मी आधी खंडाळ्याचा तो खडक सांगणार आहे आणि मलाखीनंतर पान न उलटणारी माणसंही हेच पुस्तक मराठीत वाचत आली आहेत, हेही.