हाताला येणारी माया

बारावीचा निकाल लागला की आमच्या आश्रमशाळेतल्या पोरी फॉर्म भरायला माझ्याकडे येतात. झरी जामणी तालुक्यातल्या गोंड-कोलाम पोरी. कुणाचं पोड, म्हणजे वस्ती, पैनगंगेच्या बाजूला, कुणाचं शिबला-माथार्जुनकडच्या रानात. सर्वांत जास्त फॉर्म एएनएमचे, म्हणजे नर्सिंगचे, असतात. दोन वर्षांचा कोर्स, बारावी कुठल्याही शाखेची चालते, आणि शिकून झाल्यावर हाताला काम लागेल अशी निदान आशा तरी असते. फॉर्म भरता भरता मी सहज विचारतो, "नर्सच का व्हायचंय गं?" बहुतेकींचं उत्तर पाठ असतं, "रुग्णसेवा करायची आहे, सर." एकीनं मात्र जरा घुटमळून खरं सांगितलं.

"नर्सबाई गावात आली का तिले खुर्ची देतेत, सर. माझ्या मायले कोणी देत नाही."

नर्स होण्याचं याहून चांगलं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही. घरी तीन एकर कोरडवाहू कापूस, पाठची दोन भावंडं, आणि पोरीला डोळ्यांसमोर दिसलेली एकमेव नोकरदार बाई म्हणजे स्कूटीवरून येणारी नर्सबाई. अशा वेळी पगार आणि मान हवा वाटणं यात कमीपणा कसला? इंजिनिअरिंगला जाणाऱ्या पोराला कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्या मनात पुलांविषयी करुणा आहे का. नर्सच्या बाबतीत मात्र माया आधी दाखवावी लागते, दाखल्यासारखी.

नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर फ्लॉरेन्स नाइटिंगेलची तसबीर असते, हातात दिवा घेतलेली. 12 मे हा तिचा जन्मदिवस. त्या दिवशी पोरी मेणबत्त्या लावून शपथ घेतात, छान दिसतं ते. पण क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या या बाईनं सरकारपुढे मांडले ते मृत्यूचे आकडे. किती सैनिक जखमांनी मेले आणि किती टाळता येण्याजोग्या रोगांनी, हे तिनं आकृत्या काढून दाखवलं. दिवा तसबिरीत आला, रजिस्टर आलं नाही. आमच्याकडची नर्स रोज ज्या गोष्टीशी झटते ती मात्र रजिस्टर हीच.

एका लसीकरणाच्या दिवशी मी आमच्या भागातल्या सिस्टरसोबत पोडावर गेलो होतो. निघण्याआधी आरोग्य केंद्रात तिनं फ्रीझरमधले चार आइसपॅक टेबलावर मांडले आणि काहीच न करता बसून राहिली. मला वाटलं, गाडीची वाट पाहतेय. पॅकला घाम सुटला तसा तिनं एकेक उचलून कानाशी धरला आणि हलवला. पहिल्यात आवाज नाही. परत खाली ठेवला. आत पाणी खळखळल्याचं ऐकू आलं तेव्हाच एकेक पॅक लसीच्या डब्यात गेला. लस उन्हानं बिघडते हे मलाही ठाऊक होतं. पण पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली तरी वाया जाते, आणि कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णतेचं सांगतो, गोठल्याचं सांगत नाही. म्हणजे बाळाला सुई टोचली जाईल, ते रडेल, कार्डावर नोंद होईल आणि संरक्षण मात्र मिळणार नाही. हे पुढे कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून तो पॅक कानाशी.

पोडावर पोचलो तर एक बाई लेकरू घेऊन आतल्या खोलीत गेली ती बाहेरच येईना. "मागच्या सुईनं पोराले ताप आला, रातभर रडलं. आता नाही द्यायची." सिस्टरनं वाद घातला नाही. ओट्यावर बसली, पाणी मागून प्यायली, पऱ्हाटीचं विचारलं. मग तापाचं औषध कधी आणि किती द्यायचं ते दोनदा सांगितलं. तेव्हा बाई लेकरू घेऊन बाहेर आली. सुई दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. त्या अर्ध्या तासात तिनं सासूचं बीपी पाहिलं आणि सुनेचं हिमोग्लोबिन तपासलं. थोरल्या मुलाचे हातपाय थंडीत फार दुखतात हे ऐकल्यावर सिकलसेलच्या तपासणीसाठी त्याचं नाव लिहून घेतलं. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता आजार असलेलं मूल होण्याची. हे गणित लग्नाआधी सांगायचं कामही तिच्याकडेच, आणि ज्यांना सांगायचं त्यांची सोयरीक तोवर बहुधा ठरलेली असते.

नजर ढळली की काय होतं हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यानं पाहिलं आहे. 31 जानेवारी 2021 ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पोलिओच्या डोसाऐवजी 12 बालकांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. बालकं बरी झाली, संबंधितांवर कारवाई झाली. तिथे कुणाच्या मनात वाईट होतं असं कुणीच म्हटलं नाही. मन चांगलं असून भागत नाही, एवढंच. बाटली वाचावी लागते, दर वेळी, शंभराव्या बाळालाही.

बाळंतपणाविषयी सिस्टर एक वाक्य बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. "पोर रडलं का सगळे पोराकडे पाहतेत, सर. मी बाईकडे पाहते." बाळ आल्यावर घरचे पेढ्यांच्या गोष्टी करायला लागतात आणि हिचा हात मात्र बाळंतिणीच्या पोटावर असतो. गर्भाशय चेंडूसारखं कडक लागलं तर ठीक. हाताखाली मऊ पडलं तर आत रक्त सुटलंय, आणि इथून वणी किंवा पांढरकवडा रात्री किती लांब पडतं हे इथल्यांनाच ठाऊक. वार पूर्ण आली का ते उलटून पाहायचं, नाडी मोजायची, कापड किती भिजलं ते बघायचं, पुन्हा पोटावर हात.

आणि मग तो रकाना. झरी जामणीचं नाव वर्तमानपत्रांत गाजलं ते कुमारी मातांमुळे. मोर्चे झाले, पाहणी झाली, पुढारी येऊन गेले. पण त्या पोरीशी पहिली गाठ पडते ती नर्सची, आणि गरोदर मातेच्या नोंदीत 'पतीचे नाव' विचारावंच लागतं. पोर खाली बघते. बाहेरून कामावर आलेला कुणी ठेकेदाराचा माणूस, काम संपलं, गेला. पोर अठराच्या आतली असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक. कळवलं तर ती परत तपासणीला येईल याची खात्री नाही, आणि आली नाही तर तिचं रक्त सातच्या खाली गेलेलं कुणाला कळणार? सिस्टर कळवते. कळवून दुसऱ्या दिवशी त्याच पोडावर गोळ्या घेऊन जाते. दार लावून घेतलं तर परवा पुन्हा. याला मी धैर्य म्हणालो तर ती म्हणाली, "माह्या यादीत आहे ना ती पोर."

यादीत आहे म्हणून. मला वाटतं नर्सची माया बहुतेक अशीच येते; कामातून हातात, मग हातातून मनात. 2017 च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी-मजूर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एकामागून एक येत होते. वीसहून अधिक माणसं जिल्ह्यात दगावली. अशा रुग्णाला अॅट्रोपीन देताना बाहुल्या, नाडी, घाम सारखं बघत राहावं लागतं. कमी पडलं तर छाती भरते, जास्त झालं तर माणूस बरळायला लागतो, अंगावर येतो. अंगावर येणाऱ्या अनोळखी माणसाची नाडी पुन्हा पुन्हा धरायची, याला आधीपासून माया कुठून असणार?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या नोव्हेंबरात हल्ल्यात कोसळल्या आणि 18 मे 2015 ला गेल्या. दरम्यान त्यांच्यासोबत काम केलेल्या परिचारिका निवृत्तही झाल्या. नंतर आलेल्या मुलींनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलं नव्हतं. तरी पाळी बदलली की कुणीतरी कूस बदलून देत होतं, भरवत होतं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा या परिचारिकांनी ठाम नकार दिला, आणि न्यायालयानं त्यांचंच म्हणणं धरलं. ती चार दशकं ड्युटीच्या तक्त्यावर उभी होती.

एवढं झाल्यावर आपण त्यांना देवी म्हणतो आणि करारावर ठेवतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं कंत्राटी आहेत. कायम करा म्हणून रस्त्यावर बसल्या की लोकांना वाटतं, सेवेत पैसा कशाला आणतात. ग्रामसभेत दरवर्षी ठराव होतो, नर्सनं मुख्यालयी राहावं. बरोबर आहे मागणी. पण उपकेंद्राच्या क्वार्टरचं छत गळतं याचा ठराव मी तरी अजून ऐकलेला नाही. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे. त्या तीन हजारांचा सगळा हिशेब एकीदोघींच्या अंगावर, वरून मोबाइलच्या अॅपमध्ये तोच हिशेब परत भरायचा, जिथे रेंज मिळेल तिथे उभं राहून. सिस्टर त्यासाठी मुकुटबन रस्त्यावरच्या एका चढावर थांबते. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, नर्सबाई मोबाइलवर टाइमपास करते. तशी एक तक्रारही झाली तिच्यावर. उत्तर लेखी मागितलं होतं. तेही तिनं त्याच चढावर थांबून पाठवलं.