संध्याकाळी क्लिनिकवर या!

मेडिक्लेमचा फंडा आपल्या ऑफिसात सगळ्यांना पाठ असतो. कॅशलेस कुठे, प्रीमियम किती... पण सरकारी ओपीडी आतून पाहिलीय का, विचारा. एकदम शांतता!

मला ती दिसली मावशीच्या पित्ताशयातल्या खड्यांमुळे. गाव आणि रुग्णालयाचं नाव राहू दे. तीन तास रांग, मग डॉक्टर म्हणाले, ‘इथे दोन महिन्यांनंतरची तारीख मिळेल. घाई असेल तर संध्याकाळी क्लिनिकवर या.’ मावशी भारावलीच. ‘किती चांगले आहेत गं!’ एफडी मोडून ऑपरेशन बाहेर झालं. रक्ताचे रिपोर्ट मात्र सरकारीच चालले!

डॉक्टरांनी बाहेर कमावणं मला खटकत नाही. मुंबईच्या पालिका रुग्णालयांत मानद डॉक्टरांची जुनी पद्धत आहेच. आपली प्रॅक्टिस सांभाळून नावाजलेले डॉक्टर तिथे गरिबांना तपासायचे, विद्यार्थ्यांना शिकवायचे. बाहेरचं कसब आत यायचं. इथे आतला पेशंट बाहेर जातो.

नियम नाहीत असंही नाही. राज्य सरकारने २०१२ मध्ये वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूळ वेतनाच्या ३५ टक्के व्यवसायरोध भत्ता देऊन खासगी प्रॅक्टिसला बंदी केली. पण भत्ता पगाराच्या स्लिपवर दिसतो, संध्याकाळ कुठे दिसते?

आणि सरकारी सुविधा म्हणजे फक्त ओटी, एक्स-रे मशीन नव्हे. सगळ्यात कमाईची सुविधा म्हणजे रांग! भाडं नाही, जाहिरात नाही, दमलेला पेशंट आयता समोर. रांग जितकी लांब, तितकं क्लिनिक जोरात. मग ती कमी व्हावी असं कुणाला वाटेल?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ठाण्याचं सिव्हिल नव्याने बांधायला घेतल्यामुळे कळव्यावरचा भार वाढला होता. तिथे मुद्दा प्रॅक्टिसचा नव्हता; पण सरकारी खाट हाच ज्यांचा एकमेव ऑप्शन, त्यांची संख्या तेव्हा कळली. मोडायला एफडी नसलेली ही माणसं.

म्हणून एक साधी मागणी. ऑपरेशनची वेटिंग लिस्ट भिंतीवर लावा, नावं नको, नुसते नंबर आणि तारखा. कुणी मध्येच पुढे सरकलं, कुणी गळालं, सगळ्यांना दिसेल. तोवर हातात कार्ड पडलं, तर नम्रपणे एवढंच विचारायचं : ‘डॉक्टर, इथल्या यादीत आमचा नंबर कितवा?’