अहिंसा, आपल्या देहाशीही

वणीचा उन्हाळा कठोर. सूर्य वर आला की अंगण तापते आणि परिसरातील कोळसा खाणींची धूळ हवेत जाणवू लागते. गारवा असतो तो पहाटेच. त्या गारव्यात एका घरातील सत्तरी ओलांडलेल्या श्राविका सतरंजीवर निश्चल पहुडलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला वाटावे, त्या झोपल्या आहेत. पण त्यांचा योगाभ्यास सुरू झालेला असतो.

दोन वर्षांपूर्वी चित्र वेगळे होते. गुडघेदुखीमुळे 48 मिनिटांच्या सामायिकासाठी मांडी घालणे कठीण झाले होते. सुनेने खुर्ची पुढे केली, तर त्या म्हणाल्या, ‘‘खुर्चीवर बसून का कुठे सामायिक होते?’’ भगवान महावीरांना गोदोहासनात केवलज्ञान झाले, याचे स्मरण देत त्या हट्टाने खालीच बसत. पर्युषणात एकदा प्रतिक्रमणानंतर त्यांना उठता येईना. दोघींनी धरून उभे केले. तेव्हापासून त्यांनी स्थानकात जाणेच सोडले. गुडघ्यांहून मन अधिक दुखावले होते.

सुनेने वाद घातला नाही. डॉक्टरांना विचारून ती एवढेच म्हणाली, ‘‘आई, उद्यापासून माझ्यासोबत 20 मिनिटे. दुखेल तिथे थांबायचे, हाच नियम.’’

क्रम साधा आहे. प्रथम शवासन. मग पडल्यापडल्याच घोटे फिरवणे. मांडीला मागून हातांचा आधार देऊन एकेक पाय पोटाकडे घेणे. सेतुबंधासनात कंबर चार बोटेच उचलणे. नंतर खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून पाच श्वास धरणे, त्यामुळे गुडघ्याला सावरणारे मांडीचे स्नायू बळकट होतात. भिंतीच्या आधाराने ताडासन आणि शेवटी कायोत्सर्ग : नऊ नवकार, 27 श्वासोच्छ्वास. ही मोजणी आपल्या परंपरेतलीच. नवकारसीचे पच्चक्खाण असल्याने पोटही रिकामे असते.

पहिल्या आठवड्यात त्यांना हा पोरखेळ वाटला. एके दिवशी कायोत्सर्गात मात्र त्या बराच वेळ स्थिर राहिल्या. डोळे उघडून म्हणाल्या, ‘‘मुंगीवर पाय पडू नये म्हणून जन्मभर जपले, आणि या देहाला मात्र ओढतच राहिले.’’

कायोत्सर्ग म्हणजे देहावरील ममत्वाचा त्याग. देहाचा छळ नव्हे. तप आणि हट्ट बाहेरून सारखेच दिसतात. तपाने कषाय क्षीण होतात, हट्टाने मान नावाचा कषाय पोसला जातो. हा भेद त्यांना गुडघ्यांनी शिकवला.

दुखणे पूर्ण गेलेले नाही. जिना चढताना कठड्याचा आधार आजही लागतो. परंतु गेल्या पर्युषणात त्या पुन्हा स्थानकात गेल्या. सर्व जणी खाली बसत असताना त्यांनी स्वतःहून खुर्ची मागितली, मुहपत्ती बांधली आणि सामायिक घेतले. 48 मिनिटे त्यांचे लक्ष एकदाही गुडघ्यांकडे गेले नाही.